आपल्या लॅबमध्ये एएनए सुरू करताय? एलायझा की आयएफ, आमचा फोंड्यातला अनुभव

सॅम्पल बाहेर पाठवणं बंद करून एएनए (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी, ल्युपससारख्या ऑटोइम्युन आजारांसाठीची रक्ततपासणी) आपल्याच लॅबमध्ये लावायची तर एलायझावर (प्लेटवर, आकडा मशीन वाचतं) लावावी की आयएफवर (इम्युनोफ्लोरोसन्स, स्लाइडवरच्या पेशींची चमक मायक्रोस्कोपखाली डोळ्याने वाचायची), हे फोंडा, डिचोली, पेडणे भागातले लॅबवाले मित्र हल्ली बरेचदा विचारतात. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो. आम्ही आधी एलायझा लावली, नंतर आयएफवर आलो आणि आता तिथेच आहोत. टेस्टचं तत्त्व तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

आधी एलायझाची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. डेंग्यूच्या सीझनमुळे गोव्यातल्या जवळपास प्रत्येक लॅबमध्ये एलायझाला लागणारा रीडर आणि वॉशर पडलेलाच असतो, टेक्निशियनचा हात बसलेला असतो, नवीन मशीन घ्यावं लागत नाही. आकडा मशीन देतं, त्यामुळे आज अमक्याने बघितलं उद्या तमक्याने बघितलं असा फरक पडत नाही. सॅम्पल भरपूर असतील तर एका प्लेटवर एकदम उरकतात. रोज भरपूर एएनए येत असतील तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल, एलायझा घ्या.

आमच्याकडे तेवढी येत नाहीत. मग प्रत्येक रनला पहिले चार-पाच वेल (प्लेटवरचे खळगे) कॅलिब्रेटर आणि कंट्रोलमध्येच (माप ठरवणारे आणि रन बरोबर झाला का ते दाखवणारे ठरलेले नमुने) जातात, म्हणून सॅम्पल साठवायचे, बॅच व्हायची वाट बघायची, त्यात चवथीचा आठवडा आला की कोणीच येत नाही आणि आधीच्या पेशंटचा रिपोर्ट अडकतो. आयएफच्या स्लाइडवर दोन वेल कंट्रोलला दिले की बाकीचे मोकळे, थोड्या सॅम्पलवरही रन परवडतो. पण हे काही मी एलायझा सोडण्याचं कारण नाही, एवढं जमवून घेता येतं.

मला हलवलं ते बॉर्डरलाइनने.

तालुक्याच्या ठिकाणचा एखादा एमडी डॉक्टर एएनए का पाठवतो? समोर एक तरुण मुलगी असते, सांधे दुखतात, केस गळतात, तोंड सारखं येतं, अंगात कसकस असते, आणि डॉक्टरला ठरवायचं असतं की हिला आत्ताच बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा मडगाव-पणजीच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे (सांध्यांच्या आणि ऑटोइम्युन आजारांच्या डॉक्टरकडे) पाठवू की तीन महिने थांबू. आणि आपण रिपोर्ट देतो रेशो 1.1, बॉर्डरलाइन. आमच्या किटमध्ये 1.0 ते 1.2 हा करडा पट्टा होता, त्याखाली निगेटिव्ह, वर पॉझिटिव्ह, आणि का कोण जाणे, ज्यांच्याबद्दल डॉक्टरला खरोखर शंका असायची तीच सॅम्पल नेमकी तिथे येऊन बसायची. डॉक्टरचा फोन यायचा, मग काय समजू मी? आपण म्हणायचं रिपीट करतो. रिपीटला 0.9, परत लावली तर 1.15, कॅलिब्रेटर पास, कंट्रोल पास, कोणाला दोष देणार? कटऑफजवळचा, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या सीमेवरचा, सॅम्पल एका रनमधून दुसऱ्या रनमध्ये एवढा हलू शकतो, किटवाल्यांच्या कागदातच तेवढा फरक मान्य केलेला असतो. त्यात बहुतेक किट 18 ते 25 डिग्रीला इन्क्युबेट करायला सांगतात आणि आपल्याकडे मे महिन्यात लाइट गेली, एसी बंद पडला की खोली 30 च्या वर. कॅलिब्रेटरही त्याच खोलीत चालतो म्हणून बरंचसं सांभाळलं जातं, पण कडेचे वेल आणि मधले वेल सारखे तापत नाहीत, आणि कटऑफजवळ तेवढंही पुरतं. किट कंपनीला विचारलं तर उत्तर एकच, सहा आठवड्यांनी नवीन सॅम्पल घ्या. ते सहा आठवडे त्या मुलीने आणि तिच्या आईने कसे काढायचे? लोक बॉर्डरलाइन हा शब्द वाचतात आणि त्यांना वाटतं अर्धा आजार झालाय.

आयएफवरही कमी टायटर (सीरम किती पट पातळ केलं तरी चमक दिसते तो आकडा) येतात, नाही असं नाही. पण तिथे बघायला काहीतरी असतं. तोच सॅम्पल 1:80 ला लावला आणि दिसलं की केंद्रकात दाट बारीक ठिपके आहेत, विभागणाऱ्या पेशीतली क्रोमोझोमची पट्टीही तशीच ठिपकेदार चमकतेय, तर हा एसी-2 पॅटर्न (एसी म्हणजे पॅटर्नच्या आंतरराष्ट्रीय यादीतला नंबर). तो निरोगी माणसांत बराच दिसतो, आणि पुढच्या टेस्टमध्ये डीएफएस-70 (याच पॅटर्नमागची अँटिबॉडी) सोडून दुसरं काही निघालं नाही तर सिस्टेमिक ऑटोइम्युन आजाराची शक्यता कमी धरतात. सगळं केंद्रक एकसारखं हिरवं असेल तर एसी-1, लगेच डीएस-डीएनए (डीएनएविरुद्धची अँटिबॉडी, ल्युपसची खूण) आणि लघवीतलं प्रोटीन बघा म्हणून सांगता येतं. म्हणजे टायटर तेवढाच कमी असला तरी दोन पेशंटना दोन वेगळी उत्तरं देता येतात, आणि डॉक्टरच्या ‘पाठवू की थांबू’ला काहीतरी आधार मिळतो.

सेंट्रोमिअरचं (क्रोमोझोमच्या जोडाविरुद्धच्या अँटिबॉडीचं) उदाहरण तर मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे थंडी नाही म्हणून रेनॉड (गारव्याने बोटांचा रंग बदलणं) कोणाच्या लक्षातच येत नाही, पण बर्फातली मासळी दिवसभर हाताळणाऱ्या बाया आहेत, एसी ऑफिसात बसणारे आहेत, त्यांची बोटं आधी पांढरी मग निळी पडतात आणि सगळे म्हणतात रक्त कमी आहे. अशा सॅम्पलमध्ये एसी-3 दिसला, म्हणजे सुटे सुटे ठिपके आणि विभागणाऱ्या पेशीत तेच ठिपके मधोमध ओळीत, तर स्क्लेरोडर्मा (कातडी कडक करणारा ऑटोइम्युन आजार) कातडीवर दिसायच्या कितीतरी आधी माणूस योग्य डॉक्टरकडे पोचू शकतो. एलायझाही हा सॅम्पल पॉझिटिव्ह देईल, त्यात सेंट्रोमिअरचं अँटिजेन बहुधा असतंच, पण ती नुसती आकडा देईल. कशामुळे पॉझिटिव्ह ते शोधायला पुढची टेस्ट, पुढचे पैसे, पुढची वाट.

आता लवकर निदानाबद्दल, कारण शेवटी हा सगळा खटाटोप त्यासाठीच. 2003 मध्ये अमेरिकन सैन्यातल्या लोकांच्या जपून ठेवलेल्या सीरमवर झालेलं काम तुमच्या वाचनात आलं असेल. नंतर ल्युपस झालेल्या 130 जणांपैकी 115 जणांच्या रक्तात निदानाआधीच किमान एक तरी ऑटोअँटिबॉडी होती, सरासरी 3.3 वर्षं आधी, काहींत तर 9 वर्षांहून जास्त. त्यात एएनए आणि अँटी-रो (रो प्रोटीनविरुद्धची अँटिबॉडी) लवकर येणाऱ्यांत होत्या, डीएस-डीएनए त्यानंतर, आणि एसएम, आरएनपी या अँटिबॉडी अगदी निदानाच्या तोंडावर. मी यातून असं धरतो की सुरुवातीच्या काळात नेमकी कुठली अँटिबॉडी असेल ते आपल्याला माहीत नसतं, मग ठरावीक अँटिजेन लावलेल्या वेलपेक्षा अख्खी हेप-2 पेशी (आयएफच्या स्लाइडवर असते ती) समोर असलेली बरी, त्यात शंभरावर अँटिजेन आपसूक येतात. पेशीचा अर्क लावलेल्या एलायझाही मिळतात, त्यांना हे तितकंसं लागू नाही. 2019 च्या ल्युपसच्या निकषांतही पहिली पायरी हेप-2 वर 1:80 किंवा त्यावरचा एएनए अशीच आहे, समतुल्य टेस्टही चालते असं ते म्हणतात, पण मोजपट्टी हेप-2 ची.

याचा अर्थ सरसकट सगळ्यांची एएनए करा असा नाही, आणि फुल बॉडी पॅकेजमध्ये तर कृपा करून घालू नका. 1997 चे आकडे आहेत: निरोगी लोकांतही 1:40 ला 31.7 टक्के, 1:80 ला 13.3, 1:160 ला 5 आणि 1:320 ला 3.3 टक्के पॉझिटिव्ह. लक्षणं नसताना ही टेस्ट केली तर आपण चांगल्या माणसाला घाबरवून सोडतो. 1:40 ला स्क्रीनिंग करायचंच नाही.

आयएफच्या अडचणीही सांगायला हव्यात. डोळा तयार व्हायला वेळ लागतो, आणि एकाच माणसाच्या डोळ्यावर लॅब चालवणं बरोबर नाही, आमच्याकडे दोघं स्वतंत्र वाचतात आणि फरक पडला तर परत लावतो. स्लाइड फ्रिजमधून काढून लगेच पाकीट फोडलं तर पावसाळ्यात तिच्यावर दव धरतं आणि पेशी खराब होतात, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. इन्क्युबेशनला ओली चेंबर हवी, एसीखाली वेल सुकतो. एफआयटीसी (आयएफमधला चमकणारा रंग) उजेडात फिकट होतो, म्हणून स्लाइड माउंट केली की वाचून मोकळं व्हायचं. मायक्रोस्कोप एलईडीचाच घ्या, मर्क्युरी दिव्याचे तास मोजत बसणं छोट्या लॅबला झेपत नाही. सुरुवातीचा खर्च मुख्यतः हा मायक्रोस्कोपच, पण टीबीच्या ऑरामिन (चमकणाऱ्या रंगाच्या) स्लाइडलाही तो कामाला येतो.

आणि एक ठिकाण असं आहे जिथे आयएफवर एकटं विसंबायचं नाही. अँटी-रो साध्या हेप-2 वर कधीकधी सुटते, जो-1 (स्नायूंच्या सुजेच्या आजारात सापडणारी अँटिबॉडी) पेशीद्रवात चमकत असल्यामुळे नवख्या डोळ्याला निगेटिव्ह वाटू शकते. डोळे-तोंड कोरडं पडण्याची तक्रार असेल, किंवा गरोदर बाईचा प्रश्न असेल, तर आयएफ निगेटिव्ह आली तरी रो वेगळी करायला सांगा. अँटी-रो असलेल्या आईच्या बाळाला हार्ट ब्लॉक होण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन असलं तरी ते आधी कळलेलं बरं. या कामाला एलायझा किंवा लाइन ब्लॉटच (पट्टीवर एकेक अँटिबॉडी वेगळी दाखवणारी टेस्ट) चांगली, आम्ही ब्लॉट अजून बाहेरच पाठवतो.

तर कोणी काय घ्यावं? ज्यांच्याकडे रिपोर्टिंगला बसणारा पॅथॉलॉजिस्ट आठवड्यातून एखाद्याच दिवशी येतो, किंवा टेक्निशियन दर सहा महिन्यांनी बदलतात, त्यांनी एलायझा घ्यावी, कच्च्या डोळ्याने वाचलेली आयएफ त्यापेक्षा वाईट. पण बॉर्डरलाइनचा सॅम्पल आयएफला पाठवायची सोय मात्र आधीच ठरवून ठेवा, आणि रिपोर्टवर मेथड लिहाच. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने आयएफ हाच एएनएचा मानदंड राहावा आणि लॅबने मेथड कळवावी असं 2009 मध्येच सांगितलंय, तरी अजून कितीतरी रिपोर्टवर नुसतं एएनए पॉझिटिव्ह एवढंच असतं. बाकी ज्यांच्याकडे दोन स्थिर माणसं आहेत आणि शिकायची तयारी आहे, त्यांनी माझ्या मते आयएफच लावावी.

लावलीत तर सुरुवातीचे काही सॅम्पल मोठ्या लॅबलाही समांतर पाठवा, जुळतंय का बघा. रिपोर्टवर मेथड, सुरुवातीचं डायल्युशन, शेवटचा टायटर आणि पॅटर्नचा एसी नंबर, पेशीद्रवात काही दिसलं तर तेही. आणि जे डॉक्टर सॅम्पल पाठवतात त्यांना एकदा संध्याकाळी लॅबमध्ये बोलावून एसी-1, एसी-2, एसी-3 मायक्रोस्कोपवर दाखवा, त्यानंतर ते सॅम्पलबरोबर लक्षणंही लिहून पाठवायला लागतात आणि वाचणाऱ्याचं काम निम्मं सोपं होतं.