पुण्यातून अमेरिकेची मतपत्रिका: ई-मेल, कुरियर की मुंबईचं कॉन्सुलेट?

अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन पुण्यात परतलेल्यांना इथे मत देता येत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर बाकी बरंच काही मिळतं, मतदान नाही. तिथलं मत मात्र शाबूत असतं. अमेरिकेत शेवटचं जिथे राहिलात त्या पत्त्यावर ते नोंदवायचं, मग ते घर विकून कितीही वर्षं झालेली असोत.

आधी मागणी. एफपीसीए नावाचा एकच फॉर्म भरला की नावनोंदणी आणि मतपत्रिकेची मागणी दोन्ही होतं. फॉर्म दरवर्षी नव्याने भरा, जानेवारीत भरलात तर उत्तम. त्यात मतपत्रिका ई-मेलने हवी की टपालाने, असं विचारतात. इथे विचार करत बसू नका, ई-मेल लिहा. २०२२ साली मी ई-मेल लिहिलं होतं, ह्यांनी टपाल. माझी मतपत्रिका सप्टेंबरातच आली. ह्यांचं पाकीट कोथरूडला पोहोचलं तेव्हा निवडणूक होऊन आठवडा उलटला होता. ते न फोडलेलं पाकीट अजून कपाटात आहे, आणि दिसलं की आजही वाईट वाटतं.

वेळेत मागणी केलेल्यांना मतदानाच्या ४५ दिवस आधी मतपत्रिका पाठवणं कायद्याने बंधनकारक आहे. ३ नोव्हेंबर २०२६ च्या निवडणुकीसाठी तो दिवस १९ सप्टेंबर, म्हणजे ऐन गणपतीत. आरतीच्या गडबडीत ई-मेल बघायचा राहू देऊ नका.

खरा प्रश्न परत पाठवण्याचा, आणि तो निम्मा तुमचं राज्यच सोडवतं. मॅसॅच्युसेट्स ई-मेलने घेतं. कॅलिफोर्निया फॅक्सने घेतं. न्यू जर्सी ई-मेलने घेतं, पण मूळ कागदही मागाहून पाठवावा लागतो. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियाला कागदच लागतो. ई-मेल किंवा फॅक्सने पाठवताना मताच्या गुप्ततेवर पाणी सोडत असल्याची सही बहुतेक ठिकाणी करावी लागते. मला ते खटकतं. तरीही ऑक्टोबर अर्धा सरला असेल तर मी ई-मेलच निवडेन. न पोहोचलेलं गुप्त मत काय कामाचं?

कागद पाठवायचा तर तीन वाटा आहेत. साधं टपाल स्वस्त, पण माझा त्यावर भरवसा उरलेला नाही. २०२५ मध्ये ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भारतातून अमेरिकेला जाणारं टपालच बंद होतं. निवडणुकीच्या वर्षी असं झालं असतं तर?

मुंबईत बीकेसीला असलेलं अमेरिकेचं कॉन्सुलेट (वकिलात) मतपत्रिका स्वीकारतं आणि पुढे पाठवतं. टपालखर्च भरलेल्या पाकिटाचा नमुना फेडरल वोटिंग असिस्टन्स प्रोग्राम या परदेशातल्या मतदारांना मदत करणाऱ्या अमेरिकी सरकारी कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर मिळतो. तो छापून लावला की तिकीट लागत नाही. (तोच नमुना लावून पाकीट आपल्या सिटी पोस्टात दिलंत तर चालणार नाही, तिथे भारतीय तिकिटंच हवीत.) मात्र पोहोचायला चार आठवडे धरा, आणि बीकेसीला जाऊन यायचं म्हणजे पुणेकराचा दिवस मोडतो. सप्टेंबर संपायच्या आत कुणी मुंबईला निघालं असेल तरच ही वाट चांगली. जाण्याआधी स्वीकारण्याची वेळ तपासा.

कुरियरला पैसे बरेच पडतात, पण पाकीट कुठवर पोहोचलं ते रोज दिसतं. कागद बंधनकारक असेल तर मी हेच सांगेन. फक्त तुमचं राज्य कुरियर स्वीकारतं ना, हे आधी विचारून घ्या आणि निवडणूक कार्यालयाचा रस्त्यासकट पत्ता मागवा. बऱ्याच कार्यालयांचा टपालाचा पत्ता पोस्ट बॉक्सचा असतो, तिथे कुरियर जात नाही.

सहीची काळजी घ्या. अनेक राज्यांत ती जुन्या नोंदीतल्या सहीशी ताडून बघतात. मी सही करण्याआधी कोऱ्या कागदावर जुन्या वळणाची सही चारदा गिरवते. मतपत्रिका आतल्या पाकिटात, ते बाहेरच्या पाकिटात, आणि सही सूचनेत सांगितलेल्या जागीच.

मागणी करूनही ऑक्टोबर उजाडेपर्यंत काहीच आलं नाही, तर एफडब्ल्यूएबी ही पर्यायी मतपत्रिका छापून उमेदवारांची नावं स्वतः लिहून पाठवा. मूळ मतपत्रिका नंतर आली तर तीही भरून पाठवा. मोजतात एकच.