खुब्यातला 'पू' आणि माझे १,०५,३०० रुपये

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, वय ४४, नऊ वर्षं पळते आहे. आणि एका माणसाने माझ्याच हॉलमध्ये बसून पितळी नळीने माझ्या खुब्यातून 'पू' ओढला, मी त्याचे थेंबावर पैसे मोजले. ३१ थेंब.

हा प्रकार पेपरात येऊन येऊन जुना झालाय. मीही वाचला होता, 'म्हाताऱ्या माणसांना कसं फसवतात बघा' म्हणून नवऱ्याला वाचूनही दाखवला होता. त्यात गुडघा होता, माझा खुबा होता. एवढ्या फरकावर मी गाफील राहिले.

मार्च-एप्रिलपासून उजव्या जांघेत दुखायचं. सुरुवातीला टेकडी चढतानाच, मग सपाटीवर, मग पळून आल्यावर जिना उतरतानाही. सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी चालू होती. यवतेश्वरचा घाट पळायचा म्हणजे चढ हवेतच, म्हणून मी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर आठवड्यातून तीनदा जात होते. ग्रुपमधले म्हणायचे स्ट्रेचिंग कर, फोम रोलर कर. हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे काढला, त्यात काही नाही. दोन आठवडे पळणं बंद करा, तरी दुखलं तर एमआरआय करू, असं ते स्पष्ट म्हणाले होते. एमआरआयचा खर्च ७,५०० सांगितला. मला तो जास्त वाटला. हे वाक्य लिहितानासुद्धा कानशिलं तापतायत. फिजिओच्या १२ सेशनचे ७,२०० आधीच गेले होते, तेव्हा म्हटलं आता बास, आपोआप बरं होईल. आणि हो, पळणं मी बंद केलं नव्हतं. कमी केलं होतं. पळणाऱ्यांना हा फरक कळेल.

ती बाई भेटली टेकडीच्या पायथ्याशी, पार्किंगमध्ये. चाळिशीची, कॉटनचा कुर्ता, पायात बरे बूट. "ताई, लंगडताय का? माझ्या आईला अगदी अस्संच होतं, खुब्याचा बॉल बदलायला सांगितला होता." सांधा बदलायचं सोडून आई आता चार जिने चढते म्हणे. एका वैद्यजींनी सगळा खराब पू काढला. नंबर तिने स्वतःहून दिला नाही. मी मागितला. तेही "बघा हं, ते सगळ्यांकडे जात नाहीत" म्हणून आढेवेढे घेत दिला. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा तिथेच दिसली, तेव्हा 'योगायोग' हा शब्द माझ्या डोक्यात आला आणि तिथेच राहिला. ओळख नसलेलं माणूस रस्त्यात तुमच्या दुखण्याची चौकशी करायला लागलं तर निघा तिथून. उद्धट वाटलं तरी निघा.

शनिवारी सकाळी वैद्यजी आले, बरोबर एक पोरगा. भेटीची फी १,१०० रोख. त्यांनी माझा पाय वळवूनही पाहिला नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबलं आणि म्हणाले, "इथे साचलंय." दुखत होतं जांघेत, म्हणजे आतल्या बाजूला! मी तसं म्हटलंही. तर म्हणे मूळ इकडे, वेदना तिकडे. एका थेंबाचे ३,५००, "पाच-सहा थेंब निघतील फार तर." मी मनात २१,००० चा हिशेब केला आणि तयार झाले.

आता ती वाटी. यावरच मी रोज रात्री अडकते.

पोऱ्याने पिशवीतून एक छोटी पितळी वाटी काढली. मी म्हटलं थांबा, स्वच्छ देते, आणि आतून आमची स्टीलची वाटी उकळत्या पाण्याने धुऊन आणली. वैद्यजी म्हणाले, "नको, स्टील चालत नाही, औषधाला पितळच लागतं." मी आमची वाटी टीपॉयवर ठेवून दिली. त्यांच्या वाटीच्या तळाशी, कडेला, एक पिवळट सुकलेली रेघ होती. मी ती पाहिली. पहिला थेंब पडायच्या आधी पाहिली! दर वर्षी मी पोरांना टायट्रेशन शिकवते, म्हणजे थेंब थेंब टाकून द्रावणातलं प्रमाण मोजायचं. एक थेंब पडतो आणि सगळं द्रावण गुलाबी होतं. ओरडून ओरडून सांगते की आधी फ्लास्क धुवा, कुणाचा तरी आधीचा माल आत असेल तर तुमचं रीडिंग फुकट. आणि माझ्या स्वतःच्या घरात मी ती रेघ पाहिली आणि सोफ्यावर आडवी झाले.

लेक बारावीत आहे. तो मोबाइल धरून उभा होता. "व्हिडिओ नको, औषधाची ताकद जाते," असं वैद्यजी म्हणाले. लेक मला हळूच म्हणाला, "आई, यांचं सर्टिफिकेट विचार ना." मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. मोठ्यांशी कसं बोलावं वगैरे. ते अजून घरात बोललं जात नाही.

ब्लेडने तीन बारीक चिरा, नळी लावली, तोंडाने ओढलं, वाटीत सोडलं. पिवळसर पांढरं. पोऱ्या मोठ्याने मोजत होता. सहानंतर मी म्हटलं पुरे. "अर्धवट ठेवलं तर आतल्या आत पसरेल, ताई." तुमच्या मांडीला चिरा पडलेल्या असतात, समोरचा 'पसरेल' म्हणतो, तेव्हा शिक्षण कामाला येत नाही. ज्यांना येतं त्यांनी मला शहाणपण शिकवावं.

३१ थेंबांचे १,०८,५०० झाले. घासाघीस करून एक लाखावर आणले, आणि वर मला आपण व्यवहारी असल्याचं समाधानही वाटलं! घरात १८,००० रोख होते ते दिले, ८२,००० यूपीआयने. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्याशा मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. वैद्याचे पैसे मोबाइल कव्हरवाल्याला का, हे विचारायला तोंड उघडलंही होतं, पण नवरा म्हणाला, "असेल कुणा नातेवाइकाचं." वर तेलाची बाटली ४,२०० ला. वासावरून साधं निलगिरी घातलेलं तेल. तीन दिवसांनी पळा म्हणाले.

मी पळाले. चौथ्या दिवशी, सहा किलोमीटर. पाचव्याला पाय टेकवेना.

मग केला एमआरआय, त्याच ७,५०० चा. मांडीच्या हाडाच्या मानेला, खालच्या बाजूला, स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने पडलेली बारीक चीर. डॉक्टर ओरडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. त्यांनी सांगितलं की ही चीर मानेच्या वरच्या बाजूला असती तर स्क्रू घालावे लागले असते, आणि असंच पळत राहिले असते तर हाड सरकलं असतं. निदान सहा आठवडे कुबड्या. सुरुवातीला एक्स-रेत हे बहुतेक वेळा दिसतच नाही, म्हणूनच त्यांनी एमआरआय म्हटलं होतं. जांघेत खोल दुखतंय, त्या पायावर एक उडी मारली की कळ येते, रात्री कूस बदलताना जाग येते, एवढं असेल तर त्या दिवसापासून पळणं बंद. 'कमी' नाही. आणि खुब्याचा सांधा केवढा खोल असतो! तिथलं पाणी काढायचं तर डॉक्टरसुद्धा सोनोग्राफीत बघत लांब सुई घालतात. कातडीवर चीर देऊन तोंडाने ओढून तिथलं काही येत नाही. खरंच सांध्यात पू झाला असता तर ताप भरला असता, पाय हलवता आला नसता, आणि मी टेकडीवर नाही, ऑपरेशन थिएटरात असते. हे सगळं मला विचारल्यावर सांगता आलं असतं. मला कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला नाही.

आता तक्रारीचं ऐका. कुबड्या घेऊन चौकीत गेले. साहेबांचा पहिला प्रश्न, "मॅडम, तुम्ही प्राध्यापक ना?" दुसरा, "पैसे तुम्ही स्वतःच पाठवले ना?" यूपीआय आहे म्हणजे सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माणूस घरी आला होता, समोरासमोर दिलेत, हे ऑनलाइन नाही, चौकीत जा. चौकी म्हणाली, हा वैद्यकीय विषय, बोगस डॉक्टरांची तक्रार घेतात तिकडे जा. तिथल्या बाईंनी फॉर्म पुढे केला, त्यात रकाना होता डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक. म्हटलं नोंदणी असती तर मी इथे कशाला आले असते? तर म्हणे, "नोंदणी नाही म्हणजे तो डॉक्टर नाही, डॉक्टर नाही म्हणजे आमच्याकडे येत नाही." हे मी बनवून सांगत नाहीये. बँकेने एका ओळीत उत्तर दिलं, व्यवहार खातेदाराने स्वतः पिन टाकून केला आहे. तिसऱ्या खेपेला चौकीत दीड तास बाकावर बसवलं, कुबड्या भिंतीला टेकवल्या होत्या त्या कुणीतरी उचलून कोपऱ्यात फेकल्या, आणि शेवटी अर्जावर आवकचा, म्हणजे नुसता अर्ज मिळाल्याचा, शिक्का मिळाला. गुन्हा नोंदवलेला नाही. शिक्क्याला आज ४७ दिवस झाले.

भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) हे जुनं ४२०, सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, दखलपात्र आहे. हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर म्हणा (हद्द कुठलीही असो, नोंदवायचा गुन्हा), तो घ्यावाच लागतो. मला हे पहिल्या खेपेला माहीत नव्हतं, म्हणून मी 'बरं साहेब' म्हणून परत आले. तुम्ही येऊ नका. यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, समोरच्या खात्यातले पैसे उचलले जायच्या आत. मी लाजेपायी सहा दिवस घालवले. वाटी, नळी, तेलाची बाटली, रक्ताचा बोळा, जे हाताला लागेल ते ठेवून द्या. मी बोळे कचऱ्यात टाकले, बाटली रागाने फोडली. ॲलोपॅथीच्या डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, आयुर्वेदाच्या वैद्याची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे; ती तपासता येते, पण आधी क्रमांक मागायला तर हवा. लेक तेच सांगत होता.

परवा त्याच नंबरवरून मेसेज आला. 'ताई, कसं वाटतंय? थोडा राहिला असेल तर रविवारी येतो.' स्क्रीनशॉट घेऊन चौकीत गेले. म्हणाले, "मग बोलवा की. आले की फोन करा."

टेकडीच्या पार्किंगमध्ये ती कॉटनच्या कुर्त्यातली बाई तुम्हालाही भेटली असेल, किंवा कुणाच्या घरी ही पितळी वाटी येऊन गेली असेल, तर खाली लिहा. नाव लिहू नका, नुसती तारीख आणि रक्कम लिहा. एकटीच्या अर्जाला शिक्का मिळतो, चार-पाच जणांच्या अर्जांचं काय होतं ते बघायचंय. चौकीत मी बरोबर येईन. कुबड्या अजून १२ दिवस आहेत, बाकावर जागा तरी मिळेल.