बॅरिॲट्रिक ऑपरेशननंतरचे प्रोटीन शेक: कुठला गोडाची ओढ आवरतो, कुठला वाढवतो

वजन कमी करण्यासाठी केलेलं बॅरिॲट्रिक ऑपरेशन, म्हणजे स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकणं) किंवा बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणं), झाल्यावर पहिले काही महिने भूक फारशी लागत नाही. स्लीव्हमध्ये जठराचा वरचा फुगीर भाग काढलेला असतो आणि घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होत असतं. सहा महिने ते वर्षभराच्या टप्प्यावर भूक परत येते, आणि येते ती भाजी-उसळीची नव्हे. दुपारी चारच्या चहाबरोबर खारी, टोस्ट, मूठभर चिवडा हवासा वाटतो. हे पदार्थ चहात मिसळून पातळ होतात आणि लहान झालेल्या जठरातून सरळ खाली उतरतात. पनीरच्या चार तुकड्यांनी ज्याचं पोट गच्च होतं तोच माणूस सहा खाऱ्या सहज संपवतो. उतरलेलं वजन पुन्हा चढू लागतं त्यात या चहाच्या वेळेचा वाटा मोठा असतो.

या वेळेसाठी प्रोटीन शेक सुचवला जातो, पण त्या नावाखाली दुकानात अगदी परस्परविरोधी वस्तू मिळतात. इथे त्यांच्याकडे एकाच नजरेनं पाहिलं आहे: प्यायल्यावर पुढचे दोन-तीन तास पिठूळ आणि गोड खाण्याची ओढ कमी राहते का? दंड कमावणाऱ्यांसाठी लिहिलेल्या परीक्षणांचा इथे उपयोग नाही.

ऑपरेशननंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. त्या हिशेबानं एका शेकमध्ये किमान २० ग्रॅम प्रथिनं हवीत, एकूण कर्बोदकं ५ ग्रॅमच्या आत हवीत आणि हे सगळं २०० मिलीत बसायला हवं. लेबलवरचा ‘दर १०० ग्रॅम’चा रकाना सोडा, ‘दर सर्व्हिंग’चा पाहा. प्रथिनांचा आकडा सर्व्हिंगच्या वजनानं भागा. उत्तर ०.७५ च्या खाली आलं तर डब्यात प्रथिनांखेरीज बरंच काही आहे.

या कसोटीवर दुधात घालायच्या माल्टच्या (मोड आणलेल्या सातूच्या) पावडरी पहिल्याच फेरीत बाद होतात. बहुतेकींमध्ये प्रथिनांपेक्षा साखर जास्त असते. एप्रिल २०२४ मध्ये एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनं ऑनलाइन विक्रेत्यांना दूध, धान्य किंवा माल्टची अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गात दाखवू नका असं सांगितलं, तरी घराघरातला त्यांच्यावरचा विश्वास तसाच आहे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ‘संपूर्ण आहार’ पावडरींचा घोटाळा जास्त फसवा आहे. डिस्चार्जनंतर नातेवाईक प्रेमानं हाच डबा घेऊन येतात. ज्याला जेवणच जात नाही अशा आजारी माणसासाठी ती बनवलेली असते, त्यामुळे तिच्यात माल्टोडेक्स्ट्रिनसारखी कर्बोदकं भरपूर असतात. माल्टोडेक्स्ट्रिन जिभेला फारसं गोड लागत नाही, पण रक्तातली साखर साखरेइतक्याच, किंबहुना जास्तच वेगानं चढवतं. पुढे ‘शुगर फ्री’ आणि मागे घटकांत पहिल्या तिनात माल्टोडेक्स्ट्रिन, असा डबा असेल तर परत ठेवा. वजन वाढवण्यासाठीच्या मास गेनर पावडरींबद्दल तर बोलायलाच नको.

उरतात व्हेच्या, म्हणजे दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्यातल्या प्रथिनांच्या पावडरी. व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये साधारण ७० ते ८० टक्के प्रथिनं आणि थोडा लॅक्टोज (दुधातली साखर) असतो, तर आयसोलेटमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि लॅक्टोज जवळजवळ नसतो. बायपासनंतर अनेकांना दूध पचेनासं होतं, पोट फुगतं, गुरगुरतं, जुलाब होतात. अशांनी आयसोलेटच घ्यावा. स्लीव्हवाल्यांपैकी ज्याला दूध चालतं त्याचं कॉन्सन्ट्रेटवर भागतं आणि पैसेही वाचतात. ऑप्टिमम न्यूट्रिशनच्या गोल्ड स्टँडर्डमध्ये दोन्हींचं मिश्रण आहे. एका स्कूपला २४ ग्रॅम प्रथिनं मिळतात, म्हणजे कसोटीत तो बसतो, पण त्याच्या बऱ्याच चवी मिठाईसारख्या गोड आहेत. अमूलच्या व्हेचं ३२ ग्रॅमचं एकेक पाकीट येतं, त्यात २५ ग्रॅम प्रथिनं असतात. पाकिटाची सोय कागदावर वाटते त्याहून मोठी आहे. माप चुकत नाही, ऑफिसच्या बॅगेत मावतं आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पावडरीचे गठ्ठे होत नाहीत.

केसीन, म्हणजे दुधातलं दुसरं प्रथिन, दाट होतं आणि जठरातून सावकाश सरकतं. रात्री साडेनऊनंतर फ्रिजपाशी फेऱ्या मारणाऱ्यांना ते व्हेपेक्षा जास्त लागू पडतं. वाटाणा-सोयाच्या मिश्र पावडरी दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांना ठीक आहेत. चव खरखरीत असते आणि तितक्याच प्रथिनांना पावडर थोडी जास्त लागते. कोलॅजेनला मात्र शेकची जागा देऊ नये. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, म्हणून डब्यावर २० ग्रॅम लिहिलेलं असलं तरी दिवसाच्या हिशेबात ते धरता येत नाही. सत्तू स्वस्त आणि चविष्ट, पण शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं जेमतेम वीस-बावीस ग्रॅम आणि कर्बोदकं त्याच्या अडीच-तीन पट. ओढ आवरायची असेल त्या वेळेला तो चालणार नाही.

आमची पहिली पसंती बिनचवीच्या, बिनगोडाच्या व्हे आयसोलेटला आहे. तो दुकानात पटकन मिळत नाही, बहुधा ऑनलाइनच मागवावा लागतो. चॉकलेट, कुकी, कुल्फीच्या चवींमध्ये बहुधा साखर घातलेली नसते, सुक्रालोज किंवा स्टीव्हिया ही साखरेऐवजीची गोडी असते आणि तिच्यातून कॅलरी जवळजवळ मिळत नाहीत हे खरं. पण ज्याची अडचण गोडाची ओढ हीच आहे त्याच्या जिभेला रोज चार वाजता मिल्कशेकची चव दिली तर सवय सुटणार कशी? अनेकजण शेक संपवून वर बिस्किट खातात, ते पोट रिकामं असतं म्हणून नव्हे. चार वाजता तिखट-मीठ दिलं की हा धागा तुटतो, आणि आपल्या स्वयंपाकघरात त्याची सोय आधीपासून आहे.

१५० मिली पातळ ताक घ्या. आधी त्यातल्या दोन-तीन चमच्यांत २५ ग्रॅम बिनचवीचा आयसोलेट कालवून गुठळी मोडा, मग उरलेलं ताक हळूहळू ओता. भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर हिंग, सैंधव, आल्याचा रस. आयसोलेटचा दूधपावडरीसारखा वास जिऱ्याखाली पूर्ण दबतो. साध्या २०० मिली ताकात दोन-तीन ग्रॅमच प्रथिनं असतात, इथे ती चोवीसच्या आसपास जातात. एवढी खटपट नको असेल तर अमूलचं हाय प्रोटीन ताक २०० मिलीला १५ ग्रॅम देतं. कसोटीपेक्षा थोडं कमी, पण प्रवासात आणि स्टेशनवर वडापावच्या गाडीसमोर उभं असताना याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

मुगाचं कढण किंवा टोमॅटोचं सारही चालतं, मात्र उकळतं नको. साधारण ७० अंशांवर व्हे गोठतं आणि वाटीत रवाळ कण तरंगायला लागतात. त्यानं प्रथिनं ‘मरतात’ हा गैरसमज आहे, पोषण तेवढंच राहतं, फक्त ते गिळवत नाही. बोट बुडवलं तर चटका बसणार नाही इतकं निवू द्या आणि मग पावडर थोड्या गार पाण्यात कालवून मिसळा. चहात व्हे घालण्याच्या फंदात पडू नये. कोल्ड कॉफी मात्र उत्तम होते.

सगळ्यांत चांगला निकाल मात्र पिण्याच्या शेकचा नाहीच. पातळ पदार्थ जठरातून लवकर निघून जातो, मग तो शेक असो वा सूप. पहिल्या दोन-तीन महिन्यांत, घन अन्न जात नाही तेव्हा, याला पर्याय नसतो. नंतर शेक जितका दाट, तितकं पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. साय काढलेल्या दुधाच्या दह्याचा ६० ग्रॅम चक्का, त्यात अर्धा स्कूप आयसोलेट, वेलची, दोन काड्या केशर. पावडर कोरडी टाकली तर चिकट गोळा होतो, म्हणून एक चमचा दुधात आधी कालवायची. छोट्या चमच्यानं पंधरा-वीस मिनिटं खायचं. ज्यांना गोड पूर्णपणे सोडवत नाही त्यांनी चॉकलेटच्या ग्लासाऐवजी हे करून पाहावं.

शेकर वापरताना दोन गोष्टी बिघडतात. पावडर आधी आणि पाणी नंतर घातलं की तळाला लगदा चिकटतो, म्हणून आधी थंड पाणी घालायचं. दुसरा बिघाड फेसाचा. जोरात हलवलेल्या व्हेमध्ये हवा भरते, ती गिळली की लहान जठरात कळ येते आणि माणूस म्हणतो, ‘मला व्हे सोसत नाही.’ दहा मिनिटं ठेवून फेस बसू द्या. मिक्सर नको, स्ट्रॉही नको. पहिल्या आठवड्यांत दर दहा-पंधरा मिनिटांनी ३० मिली, पुढे पूर्ण ग्लास अर्ध्या-पाऊण तासात. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास शेकसुद्धा नाही, कारण तो पाण्यासारखाच अन्न खाली ढकलतो. आणि शेकर लगेच धुवा. संध्याकाळपर्यंत त्याला येणारा वास माणसाला कायमचा शेकपासून तोडतो.

दुधात केलेल्या शेकचा हिशेब वेगळा ठेवावा. २०० मिली दुधात नऊ-दहा ग्रॅम लॅक्टोज असतो, म्हणजे पावडर कितीही चांगली असली तरी पाच ग्रॅमची मर्यादा तिथेच ओलांडली. शिवाय दुधातल्या कॅल्शियममुळे लोहाची गोळी नीट शोषली जात नाही. दोन्हींत दोन तासांचं अंतर हवं. चहा-कॉफीलाही तेच लागू.

उपवासाच्या दिवशी कर्बोदकांचा सगळ्यात मोठा भडिमार होतो. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, वर चिकट, आणि स्लीव्हमध्ये अडकून उलटीही होते. बिनचवीचा आयसोलेट दुधापासूनच होतो, तेव्हा ताकातून घेतला तर बहुतेक घरांत आडकाठी नसावी. काही पावडरींत मात्र सोया लेसिथिन असतं, तेव्हा घटक वाचून आपापल्या घरच्या रिवाजाप्रमाणे ठरवावं.

आता शेकचं काम नसलेली ओढ. बायपासनंतर, बहुधा वर्ष उलटल्यावर, काहींना गोड किंवा भात खाल्ल्यापासून एक ते तीन तासांत घाम, थरथर, धडधड आणि काहीतरी गोड हवंच अशी घालमेल होते. ही रक्तातली साखर उतरल्याची खूण असू शकते. ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली आकडा असेल तर शेकनं तो लवकर चढणार नाही. तीन लहान चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि साखर सावरली की मग अर्धा शेक, म्हणजे ती पुन्हा घसरत नाही. असं वरचेवर होत असेल तर सर्जनला कळवायलाच हवं. रोज उलट्या होत असतील तर ब्रँड बदलत बसू नये. त्यात थायमिन (जीवनसत्त्व बी-१) झपाट्यानं कमी होतं आणि नसांना इजा होते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

डबा खरा आहे का, हा प्रश्न आपल्याकडे रास्त आहे. २०२४ मध्ये भारतीय बाजारातल्या ३६ प्रोटीन सप्लिमेंट्सची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यात सुमारे ७० टक्क्यांवरचा प्रथिनांचा आकडा बरोबर नव्हता. प्रयोगशाळेत प्रथिनं नायट्रोजनवरून मोजतात. ग्लायसीन किंवा टॉरीनसारखी स्वस्त अमिनो आम्लं मिसळली की नायट्रोजन वाढतो आणि लेबल सुंदर दिसतं. घटकांच्या यादीत ती स्वतंत्रपणे लिहिलेली दिसली तर तो डबा सोडा. परदेशी डब्यावर आयातदाराचा पत्ता आणि एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक असलेलं लेबल नसेल तर ‘इम्पोर्टेड’ म्हणून मिळणारी सूट घेऊ नका.

किंमत डब्याची पाहू नये, प्रथिनाच्या ग्रॅमची पाहावी. समजा एक किलोचा डबा ३००० रुपयांना आहे आणि स्कूप ३३ ग्रॅमचा, त्यात प्रथिनं २५ ग्रॅम. तीस स्कूप झाले, शंभर रुपयांचा एक, म्हणजे ग्रॅमला चार रुपये. १८०० रुपयांच्या डब्यात स्कूपमागे १२ ग्रॅमच असतील तर तो महाग पडला. स्कूपवर विसंबू नये, एकदा स्वयंपाकाच्या काट्यावर तोलून पाहावा. शीग लावून भरला तर चाळीस ग्रॅमही भरतो.

ऑपरेशनच्या आधी मोठा डबा घेऊन ठेवू नका. नंतर चव आणि वास दोन्ही बदलतात, आणि आधी आवडलेलं व्हॅनिला पहिल्याच घोटाला नको होतं. पहिल्या महिन्यात सुटी पाकिटं, दोन-तीन वेगवेगळ्या चवींची, त्यात एक तरी बिनचवीची. डबा घ्यायचाच झाला तर अर्धा किलोचा.