दोन डावखुरे, दोन वाटा

न्यूझीलंडचा वेगवान गोलंदाज ट्रेंट बोल्टने ऑगस्ट 2022 मध्ये न्यूझीलंड बोर्डाचा करार सोडला. कुटुंबासाठी वेळ आणि लीग खेळायची मोकळीक, हे कारण. कसोटी तिथेच संपली: 78 सामने, 317 बळी. पुढचा विश्वचषक तो खेळला, पण नियमित निवड गेली.

ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज मिचेल स्टार्क उलटा. 2015 नंतर आयपीएलचा पुढचा सामना थेट 2024 मध्ये. मधली वर्षं मुख्यतः कसोटीसाठी शरीर जपलं (2018 ला करार होता, दुखापत आडवी आली). तरी कोलकात्याने 24.75 कोटी मोजलेच! शंभराव्या कसोटीत, जमैकात, 9 धावांत 6 बळी. वेस्ट इंडीज 27 सर्वबाद.

मला स्टार्कची वाट पटते. पण ऑस्ट्रेलियाच्या बोर्डाची तिजोरी भरलेली. बोल्टला ती चैन कुठून परवडणार?