इनबॉक्स साफ करून देणारी ॲप्स: शुल्क पूर्ण, काम अर्धवट

इनबॉक्समध्ये साचलेले हजारो मेल काही मिनिटांत साफ करून देण्याचे आश्वासन देणारी अनेक ॲप्स आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी एका ॲपचे वार्षिक शुल्क भरून मी ते माझ्या जीमेल खात्यासाठी वापरले. माझी तक्रार या प्रकारच्या साधनांच्या मूळ रचनेविषयी आहे, म्हणून त्या ॲपचे नाव येथे देत नाही. माझे मत आधीच सांगतो: ज्याच्या खात्यावर बँक, विमा, आयकर आणि विजेचे बिल येते, त्याने असे ॲप घेऊ नये.

या ॲपचे काम पाठवणाऱ्याच्या नावावरून चालते. पडद्यावर बँकेचे नाव, त्यापुढे तिच्याकडून आलेल्या मेलची संख्या आणि शेजारी ‘सगळे काढा’ असे बटण, एवढेच दिसते. नावावर बोट ठेवून आतली यादी उघडली तरच कळते की वैयक्तिक कर्जाच्या आणि क्रेडिट कार्डाच्या जाहिरातींच्या त्या ढिगात मुदत ठेवीच्या व्याजाचे प्रमाणपत्रही आहे. माझ्या खात्यात ॲपने आपणहून लावलेल्या नियमामुळे असे प्रमाणपत्र जाहिरातींबरोबर ट्रॅशमध्ये गेले, आणि आयकर विवरणपत्र भरताना ते शोधायला गेलो तेव्हा ते तिथेही उरले नव्हते, कारण ट्रॅशमधील मेल ३० दिवसांनी कायमचा पुसला जातो. ॲपच्या मदत विभागाचे उत्तर असे आले की पाठवणाऱ्यांची यादी वापरकर्त्याने स्वतः तपासून घ्यावी. ज्या कामासाठी शुल्क घेतले, तेच काम ग्राहकाने करावे, असा या उत्तराचा अर्थ होतो आणि तो मला मुळीच मान्य नाही.

स्पॅम ओळखणाऱ्या कोणत्याही यंत्रणेकडून दोन प्रकारच्या चुका होतात. नको असलेला मेल इनबॉक्समध्ये शिरला तर तो पुसायला क्षणभर लागतो. हवा असलेला मेल स्पॅममध्ये गेला तर तो गेल्याचेच कळत नाही. या दोन चुकांची किंमत सारखी नाही, तरीही साफसफाईच्या ॲप्सची सगळी जाहिरात ‘किती मेल काढले’ या एकाच आकड्यावर चाललेली असते. कागदी बिलाऐवजी ई-मेलवर बिल घेणाऱ्या ग्राहकाला महावितरण गो-ग्रीन योजनेत सवलत देते, डीमॅट खात्याचे एकत्रित विवरण ई-मेलवर येते, आयकर विभागाच्या सूचनाही नोंदवलेल्या ई-मेल पत्त्यावर येतात. यांपैकी कित्येकांचा कागद आता घरी येतच नाही. अशा वेळी एक महत्त्वाचा मेल दडवणारे साधन शंभर जाहिराती काढत असले, तरी मी त्याला चांगले म्हणणार नाही.

‘अनसबस्क्राइब’, म्हणजे पाठवणाऱ्याच्या यादीतून आपले नाव काढणे, या शब्दाखाली ही ॲप्स नेमके काय करतात, तेही पाहायला हवे. माझ्या ॲपमध्ये ते बटण दाबल्यावर बहुतेक वेळा पाठवणाऱ्याला काहीच कळवले जात नव्हते; फक्त पुढचे मेल परस्पर ट्रॅशमध्ये टाकण्याचा नियम तयार होत होता. पाठवणारा पाठवतच राहतो, आणि ॲपचे शुल्क भरणे थांबवले की सगळे पुन्हा इनबॉक्समध्ये येऊ लागते. खरे अनसबस्क्राइब आता फुकट उपलब्ध आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही व्यवस्था लागू करणे, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय देणे आणि अशी विनंती दोन दिवसांत अमलात आणणे त्यांना बंधनकारक झाले. याहूनेही अशाच अटी घातल्या. भारतात फोन आणि एसएमएसवरील जाहिरातींसाठी दूरसंचार नियामक ट्रायचे नियम आहेत, पण नकोशा ई-मेलसाठी अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यासारखा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे मेल कंपन्यांचे हे नियम आपल्यासाठी फार मोलाचे आहेत. पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेल स्वतः दाखवते तेच बटण वापरावे. अनोळखी माणसाच्या मेलमधील तळाची लिंक मात्र उघडू नये, कारण त्यातून आपला पत्ता चालू असल्याची खात्री त्याला मिळते.

सर्वांत गंभीर आक्षेप परवानगीविषयी आहे. ॲप जोडताना गूगलच्या पडद्यावर जी संमती मागितली जाते, तिच्यात सगळे मेल वाचणे, लिहिणे, पाठवणे आणि कायमचे पुसणे हे सारे येते. घर झाडायला येणाऱ्याच्या हाती तिजोरीची किल्लीही द्यावी, तसे हे आहे. ही भीती काल्पनिक नाही. नको असलेल्या मेलच्या याद्यांतून नाव काढून देणाऱ्या अनरोल-मी या लोकप्रिय मोफत सेवेची मालकी स्लाइस या कंपनीकडे होती, आणि वापरकर्त्यांच्या मेलमधील लिफ्ट या टॅक्सीसेवेच्या पावत्यांवरून तयार केलेली, नावे काढून टाकलेली माहिती तिने उबरला विकल्याचे २०१७ मध्ये उघड झाले. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, तुमच्या वैयक्तिक मेलना हात लावणार नाही असे सांगून वापरकर्त्यांची दिशाभूल केल्याच्या आरोपावरून या सेवेविरुद्ध कारवाई केली आणि प्रकरण तडजोडीने मिटले. शुल्क घेणारी सगळीच ॲप्स असे करतात असे मी म्हणत नाही, पण ती काय करतात हे बाहेरून तपासण्याचा मार्ग सामान्य ग्राहकाकडे नसतो.

जीमेलच्या स्वतःच्या सोयी या कामाला बऱ्याचशा पुरेशा आहेत, फक्त त्या डोळ्यांसमोर नसतात. संगणकावर जाहिरातींचे मेल वेगळे ठेवणारा प्रमोशन्स टॅब उघडून वरच्या चौकोनात टिक केली की साधारणपणे पानावरचे ५० मेल निवडले जातात, आणि त्याच वेळी यादीच्या वर त्या टॅबमधील सगळे मेल निवडण्याची ओळ उमटते. ती ओळ लक्षात न आल्यामुळे लोक पानेच्या पाने पुसत बसतात. जागा मोकळी करायची असेल तर जाहिरातींच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही. एक जाहिरात १०० केबीची धरली, तर १०,००० मेल पुसल्यावर सुमारे एक जीबी सुटते. २५ एमबीच्या ४० अटॅचमेंट काढल्या तरी तेवढीच सुटते. शोधाच्या तपशीलवार चौकटीत आकार घालून असे जड मेल आधी काढावेत. बँक, विमा कंपनी आणि महावितरण यांच्या पत्त्यांसाठी फिल्टर तयार करून त्यात ‘स्पॅममध्ये कधीही पाठवू नका’ हा पर्याय निवडावा.

जीमेलमध्येही एक मोठी उणीव आहे. तिथला नेहमीचा शोध स्पॅम आणि ट्रॅशमध्ये पाहतच नाही. तपशीलवार चौकटीत तसे मुद्दाम निवडावे लागते. परिणामी स्पॅममध्ये अडकलेले बिल शोधणाऱ्याला ते आलेच नाही असे वाटते आणि ३० दिवसांनी ते खरोखरच नाहीसे होते. निदान जुळणारा मेल स्पॅममध्ये असल्याची सूचना शोधाच्या निकालात अधिक ठळकपणे द्यायला हवी.

ज्यांनी असे ॲप आधीच घेतले आहे, त्यांनी ते फोनमधून काढून टाकले म्हणजे काम झाले असे समजू नये. मेल वाचण्याची परवानगी तशीच चालू राहते. ती गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात, बाहेरच्या ॲप्सच्या यादीत जाऊन रद्द करावी लागते. शुल्काची आपोआप होणारी वसुली प्ले स्टोअर किंवा यूपीआय ऑटोपेमधून वेगळी बंद करावी लागते, आणि कंपनीने आधीच साठवलेली माहिती पुसून टाकण्याची मागणी तिला लेखी कळवावी लागते.