वंशावळीच्या विचारणा: ईमेल, फॉर्म, व्हॉट्सअ‍ॅप की जाहीर पान?

"आमचं मूळ गाव रत्नागिरीकडे कुठेतरी, आडनाव सावंत. वंशावळ मिळेल का?"

कोकणातल्या घराण्यांची माहिती देणारी वेबसाइट कुणी हौसेने सुरू केली की पहिल्या आठवड्यातच असा निरोप येतो. याला उत्तर देता येत नाही. सावंत कोकणात तालुक्यातालुक्यांत आहेत. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला वेगळा झाला, त्याआधी मालवण, कणकवली, वेंगुर्ला सगळं रत्नागिरीतच. आजोबांनी "जिल्हा रत्नागिरी" सांगितलं असेल, तर ते आजच्या दोनपैकी कुठल्याही जिल्ह्यातलं असू शकतं. म्हणून विचारणा कशातून घ्यायची हे ठरवताना एकच कसोटी लावावी: समोरच्याकडून मूळ गाव, तालुका आणि सर्वांत जुन्या ठाऊक माणसाचं पूर्ण नाव किती लवकर हाती येतं?

महिन्याला दहाच्या आत विचारणा येत असतील आणि काम एकटाच बघत असेल, तर ईमेल पुरतो. जोडलेले फोटो, मागचा पत्रव्यवहार, शोधायची सोय, सगळं एका जागी मिळतं. पत्ता मात्र वेबसाइटच्या नावाचा घ्यावा, स्वतःचा खाजगी नको. तीन लेबलं पुरेत: "माहिती हवी", "शोध चालू", "उत्तर दिलं". ईमेलची अडचण अशी की माणूस मोकळेपणाने लिहितो आणि नेमकं ते सोडून देतो. गाव विचारायला एक पत्र, तालुका विचारायला दुसरं, आजोबांच्या वडिलांचं नाव विचारायला तिसरं. मदतीला दुसरा कुणी आला की आणखी गोंधळ: एकाच माणसाला दोघांची दोन उत्तरं जातात किंवा एकही जात नाही.

फॉर्ममुळे ही ये-जा वाचते. गूगल फॉर्मची उत्तरं थेट शीटमध्ये पडतात, शेजारच्या रकान्यात "कोणाकडे" आणि "स्थिती" लिहिलं की दोन-तीन स्वयंसेवक सहज काम वाटून घेऊ शकतात. विचारायचं इतकंच: मूळ गाव आणि तालुका, सर्वांत जुन्या व्यक्तीचं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव व आडनाव, अंदाजे साल, कुलदैवत, गोत्र किंवा देवक, कुटुंब गाव सोडून कुठे गेलं, आतापर्यंत कुठे शोधलं, माहिती कशासाठी हवी. यातले आडनाव आणि कुलदैवत हे दोनच रकाने सक्तीचे ठेवावेत आणि कुलदैवताला "माहीत नाही" हा पर्याय द्यावा. सगळेच सक्तीचे केले की ज्याच्याकडे पणजीच्या नावापलीकडे काही नाही, तो अर्ध्यातच फॉर्म बंद करतो. कुलदैवताचा रकाना काढू नये. पिढ्यान्पिढ्या मुंबईत राहिलेल्या घरात गावाचं नाव विसरलेलं असतं, पण लग्नाकार्यात कुठल्या देवीची ओटी भरतात ते घरच्या बायकांना ठाऊक असतं, आणि तेवढ्यावरून निदान तालुका तरी हेरता येतो.

फॉर्ममध्ये दोन गोष्टी हमखास बिघडतात. फाइल जोडायचा रकाना ठेवला की भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं, तिथे ज्येष्ठ मंडळी अडतात. तो रकाना काढून "कागदाचा फोटो ईमेलने पाठवा" एवढी ओळ घालावी. दुसरं, ईमेल पत्त्यात एक अक्षर चुकलं की तुमचं उत्तर परत येतं आणि त्या माणसाला वाटतं, दखलच घेतली नाही. भरलेल्या उत्तरांची प्रत आपोआप पाठवायची सोय चालू ठेवावी आणि "प्रत आली नाही तर पत्ता चुकला आहे, पुन्हा भरा" असं फॉर्मच्या शेवटी लिहावं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा मोह सगळ्यांना होतो, कारण उत्तर तासाभरात येतं. भावकीतली एखादी आजी आवाजी निरोपात चार पिढ्या सांगून जाते, ते फॉर्मवर कधीच मिळणार नाही. पण विचारणा घेण्याची जागा म्हणून ग्रुप वाईटच. प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्यांना दिसतो. मागच्या महिन्यातलं उत्तर गप्पांत बुडतं, त्यामुळे तोच प्रश्न पुन्हा येतो. मोडी कागदाचा फोटो साधा पाठवला की आकुंचन पावतो. मोडीत ओळ आधी आखून अक्षरं एकमेकांना जोडत लिहिलेली असतात, बारीक वळणं पुसट झाली की वाचणाऱ्याचे हात टेकतात. फोटो "डॉक्युमेंट" म्हणूनच मागवावा. ग्रुप ठेवायचा तर तो माहिती गोळा करण्यासाठी. कामाचं आलं की त्याच दिवशी शीटमध्ये उतरवून घ्यायचं.

जाहीर विचारणा पान सर्वांत संथ, पण आयुष्य त्याचंच मोठं. आज टाकलेला प्रश्न काही वर्षांनी दुसऱ्या शाखेतला कुणी तरी गूगलवर आडनाव शोधताना वाचतो आणि दोन तुटलेली टोकं जुळतात. त्यासाठी आडनाव व गाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत लिहावं लागतं, कारण परदेशातला माणूस देवनागरीत शोधत नाही. पथ्यं दोन. फक्त दिवंगत व्यक्तींची नावं द्यायची, आणि विचारणाऱ्याचा पत्ता पानावर न देता निरोप स्वतः पोचवायचा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 आल्यापासून हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते उघड्यावर ठेवणं शहाणपणाचं नाही. खरं तर तो कायदा नसता तरी नव्हतंच.

निवड करायचीच तर सुरुवात ईमेलने, दुसरा माणूस जोडला गेला की फॉर्म, आणि ज्या प्रश्नांचं उत्तर सापडलं नाही तेवढे, विचारणाऱ्याच्या संमतीने, जाहीर पानावर.

शोधून द्यावं की वाट दाखवावी?

माणसं खरी दमतात ती इथे. सगळंच शोधून देतो म्हटलं की काही महिन्यांत वेबसाइट बंद पडते. विचारणा कशाबद्दल आहे ते बघून ठरवावं.

जातीच्या दाखल्यासाठी आलेल्या विचारणेला वाट दाखवावी, शोधून देऊ नये. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींसाठी 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून कोकणच्या वेबसाइटवरही असे प्रश्न येतात. अर्जदाराला तारीख सांगावी: इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950. त्या तारखेच्या आधीचा पुरावा शोधायचा असतो. तो शाळेच्या जनरल रजिस्टरात, गाव नमुना 14 म्हणजे कोतवाल बुकात किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळू शकतो, आणि जात पडताळणी समितीपुढे प्रमाणित नक्कल लागते. वेबसाइटवरच्या वंशावळीची छापील प्रत तिथे चालत नाही, हे पहिल्याच उत्तरात लिहावं.

जमिनीच्या वादाचा वास आला तर फेरफार आणि जुने सातबारा कुठे मिळतात तेवढं सांगून थांबावं. दत्तकाच्या प्रश्नाला तर लेखी उत्तर देऊच नये, मूळ कागद बघायला सांगावं.

मॉरिशसहून आलेली विचारणा मात्र स्वतः शोधावी. त्या माणसाला दापोलीच्या वाटा कुठून ठाऊक असणार? त्याच्याकडून आधी पूर्वजाचा इमिग्रंट क्रमांक मागावा. गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, दप्तरं तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. टाइप केलेली माहिती नको, मूळ नोंदीचा फोटो मागवावा. कारकुनाने गावाचं नाव कानाला लागलं तसं रोमन अक्षरांत लिहिलेलं असतं, रत्नागिरीचं "रटनाघेरी" होतं. ते मोठ्याने वाचावं आणि मग तालुक्याच्या गावयादीशी ताडून बघावं. डोळ्यांनी जुळत नाही ते कानाला पुष्कळदा जुळतं.

कालगणनेत चुकलं की पुढचं सगळं चुकतं. इसवी सन काढायला शकात 78 मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंतचे दिवस असतील तर 79. निजामी मुलखातल्या फसली म्हणजे महसुली सनात 590, ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या त्या वर्षाचे जानेवारीनंतरचे महिने असतील तर 591. पेशवाईतल्या सुहूर सनाची वर्षं अरबी शब्दांत लिहिलेली असतात: "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, 1161. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 आणि जानेवारीपासून पुढे 600 मिळवायचे. 1161 मध्ये 600 मिळवले की 1761, पानिपतचा जानेवारी.

सर्वांत फसवी चूक नावांची. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्याने विष्णू गणेश, मग गणेश विष्णू, मग पुन्हा विष्णू गणेश अशी माळ लागते. दोन विष्णू गणेश एकच धरले की मधल्या दोन पिढ्या गळून जातात आणि वंशावळ दिसायला नीटच दिसते. दोन नोंदींत पन्नासएक वर्षांचं अंतर असेल तर थांबून पुन्हा मोजावं. सुनेचं नाव लग्नात बदललेलं असतं, म्हणून माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं लिहून ठेवावीत.

उत्तर पाठवताना प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक खूण असावी: "नोंद पाहिली", "कुलवृत्तांतात छापलंय", "घरात सांगतात". कुलवृत्तांत छापील असला तरी त्यातली बरीच माहिती घराघरांतून आलेल्या पत्रांवरूनच भरलेली असते, तेव्हा त्याची गणती पहिल्या खुणेत करू नये. काही सापडलं नाही तर कोणती दप्तरं, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत पाहिली ते लिहावं, म्हणजे पुढचा माणूस तीच चोपडी पुन्हा उघडणार नाही. शीटची प्रत दर तीन महिन्यांनी दुसऱ्या स्वयंसेवकाकडे जावी, आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीखही त्याला ठाऊक असावी.