क्रीडा महासंघाशी बिनसलं, तर दाद कुठे मागायची?

संघात नाव नाही, हे हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर कळतं. कुणीतरी यादीचा फोटो ग्रुपवर टाकतं, आई-वडील तो बोटांनी मोठा करून वरून खाली तीन-तीनदा वाचतात आणि त्याच रात्री फोनाफोनी सुरू होते. मलाही असे फोन येतात, कारण अशा दोन-तीन प्रकरणांत मी कागदपत्रं लावून दिली आहेत. प्रश्न ठरलेला असतो: कोर्टात जायचं का? माझा उलट प्रश्नही ठरलेला: स्पर्धेच्या आयोजकांकडे नावं पाठवायची शेवटची तारीख कोणती?

ती तारीख बहुतेकांना ठाऊक नसते. खरं तर बाकी सगळी तुलना तिच्याच आधाराने करायची असते. जागा हवी असेल तर ती तारीख उलटल्यानंतर मिळालेला निकाल फ्रेम करून भिंतीवर लावायच्या कामाचा. नियम बदलायचा असेल किंवा एखाद्या पदाधिकाऱ्याला जाब विचारायचा असेल, तर मात्र ती तारीख गेली तरी बिघडत नाही. तेव्हा आधी हे ठरवा: तुम्हाला जागा हवी आहे, नियम बदलायला हवा आहे, की माणूस हटायला हवा आहे? तिन्ही एकाच अर्जात मागणारे सहसा तिन्ही गमावतात.

पहिलं दार महासंघाचं स्वतःचं. तक्रार निवारण समिती, शिस्तपालन समिती, नाहीतर थेट सरचिटणीस. खर्च शून्य, आणि बहुतेक वेळा उत्तरही शून्य. ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्याकडेच दाद मागायची म्हणजे पंचाच्याच निर्णयाविरुद्ध पंचाकडे अपील. तरी हे दार टाळू नका, कारण पुढच्या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच येतो की तुम्ही महासंघाकडे गेला होतात का. फोन करू नका, भेटायला जाऊ नका, ईमेल पाठवा. तीन परिच्छेद पुरेत: कोणत्या निकषानुसार निवड व्हायची होती, प्रत्यक्षात काय झालं, आणि मला काय हवंय. शेवटी ‘अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यावे’. मी पाहिलेल्या एका मसुद्यात वडिलांनी पहिली दोन पानं मुलीच्या लहानपणापासूनच्या मेहनतीवर लिहिली होती. वाचताना माझेही डोळे ओले झाले, पण निकषाचा उल्लेख अख्ख्या पत्रात कुठे नव्हता. ती दोन्ही पानं काढायला त्यांना राजी करण्यातच एक संध्याकाळ गेली.

आता उच्च न्यायालय. महासंघ ही खासगी संस्था, तिच्याविरुद्ध रिट कसं चालेल, ही शंका जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये झी टेलिफिल्म्सच्या खटल्यात क्रिकेट मंडळाला ‘राज्य’, म्हणजे सरकारी संस्था, मानलं नाही, पण संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली रिट याचिका घेऊन उच्च न्यायालयात जाण्याचा रस्ता मोकळा ठेवला. तेव्हापासून खेळाडू तिथे जात आले आहेत. बऱ्याच महासंघांची कार्यालयं दिल्लीत असल्यामुळे गाजलेली प्रकरणंही दिल्लीतलीच. मात्र तुमचं नाव राज्य संघटनेनेच पुढे पाठवलं नसेल, तर भांडण राज्य संघटनेशी आहे. त्यासाठी दिल्लीचं तिकीट काढायची गरज नाही.

जिंकतो कोण, हे पाहायचं तर तीन प्रकरणं शेजारी-शेजारी ठेवावीत.

2016 मध्ये कुस्तीगीर सुशील कुमारने रिओ ऑलिंपिकसाठी 74 किलो गटात निवड चाचणी घ्या, अशी मागणी केली. ऑलिंपिकमधली त्या गटाची जागा नरसिंह यादवने 2015 च्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून मिळवली होती. दोन ऑलिंपिक पदकं गाठीशी असलेला मल्ल दारात उभा होता, तरी दिल्ली उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. जुलै 2023 मध्ये अंतिम पंघालने आशियाई स्पर्धेच्या निवडीला आव्हान दिलं, कारण तिच्या 53 किलो गटात विनेश फोगाटला चाचणीविना थेट प्रवेश मिळाला होता. तीही याचिका फेटाळली गेली. (पुढे विनेशने गुडघ्याच्या दुखापतीमुळे माघार घेतली, चाचणी जिंकून राखीव असलेली अंतिम हांगझोऊला गेली आणि कांस्य घेऊन आली. कोर्टाने दिलं नाही ते गुडघ्याने दिलं. पण असल्या योगावर कुणी बेत आखू नये.)

तिसरं प्रकरण टेबल टेनिसपटू मनिका बत्राचं. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिचे वैयक्तिक प्रशिक्षक, पुण्याचे सन्मय परांजपे, यांना सामन्याच्या वेळी तिच्याजवळ बसू दिलं नाही आणि तिने राष्ट्रीय प्रशिक्षकांचा सल्ला घ्यायला नकार दिला. महासंघाने तिला कारणे दाखवा नोटीस दिली, राष्ट्रीय शिबिर सक्तीचं केलं आणि शिबिराला न गेल्यामुळे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेच्या संघातून वगळलं. तिने न्यायालयात मांडलेला मुद्दा मात्र वेगळा होता: राष्ट्रीय प्रशिक्षक स्वतःची खासगी अकादमी चालवतात आणि तिथल्या खेळाडूसाठी मला सामना सोडायला सांगितला गेला. सप्टेंबर 2021 मध्ये शिबिराच्या सक्तीला स्थगिती मिळाली, चौकशी समिती नेमली गेली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये न्यायालयाने महासंघाची कार्यकारिणी बाजूला सारून प्रशासक समिती आणली.

फरक कशात आहे ते बघा. सुशील आणि अंतिमचं म्हणणं होतं, ‘मी अधिक चांगला आहे, निदान आजमावून तरी बघा’. त्यावर न्यायालयाची भूमिका साधारण अशी असते की कोण चांगलं हे तज्ज्ञांनी ठरवावं. मनिकाचं म्हणणं होतं की ठरवणाऱ्यांचे हितसंबंध गुंतलेले आहेत. तिथे न्यायालय हात घालतं. तुमची तक्रार पहिल्या जातीची असेल तर वकिलाची फी वाचवा. निकष जाहीर झाल्यानंतर मध्येच बदलले, निवड समितीत एखाद्याचा नातेवाईक किंवा शिष्य उमेदवार होता, चाचणीची सूचनाच मिळाली नाही, अशी असेल तर दम आहे. आणि मनिकाच्या विजयातली मेख विसरू नका: ती आशियाई स्पर्धा तिला खेळता आली नाहीच. स्थगिती मिळाली तेव्हा स्पर्धा अवघ्या काही दिवसांवर होती. नियम हटला, माणसं हटली, पण त्या वेळची जागा गेली.

जागा मिळाल्याचंही उदाहरण आहे. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी मुंबईची टेबल टेनिसपटू दिया चितळे दिल्ली उच्च न्यायालयात गेली, त्यानंतर प्रशासक समितीने यादी बदलली आणि ती संघात आली. तिच्यासाठी जी बाहेर पडली ती अर्चना कामत. मग अर्चना कोर्टात गेली आणि तिची याचिका टिकली नाही. निवडीच्या याचिकेत ही गोष्ट आधी कुणी सांगत नाही: तुमच्या जागेवर जिचं नाव आहे त्या मुलीला तुम्हाला प्रतिवादी करावं लागतं. कदाचित शिबिरात शेजारच्या खाटेवर झोपणारी, तुमच्याबरोबर सराव करणारी. महासंघ नामानिराळा राहतो आणि दोन घरांत अबोला सुरू होतो.

2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने या चित्रात एक नवं दार आणलं: राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण. अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे आजी-माजी न्यायाधीश किंवा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती, सोबत दोन सदस्य. त्याच्या निर्णयावर अपील थेट सर्वोच्च न्यायालयात, आणि त्याच्या कक्षेतल्या वादांना दिवाणी न्यायालयाचं दार बंद. खेळ कळणारी माणसं, एकाच ठिकाणी सुनावणी, हा फायदा कागदावर तरी मोठा आहे. पण उत्तेजक द्रव्यांची प्रकरणं तिथे चालत नाहीत, त्यांची वेगळी यंत्रणा 2022 च्या कायद्याखाली आहे. ऑलिंपिक किंवा आशियाई स्पर्धा चालू असताना तिथे उद्भवलेले वादही तिथे जात नाहीत. शिवाय कायद्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू होतात, म्हणून अर्जाचा मसुदा करण्याआधी न्यायाधिकरणाचं कामकाज तुमच्या प्रकरणासाठी खुलं आहे ना, एवढं वकिलाकडून पक्कं करून घ्या. माझं मत विचाराल तर हातात काही महिने असतील आणि भांडण नियमाशी असेल तर मी इथे जाईन. हातात आठ दिवस असतील तर उच्च न्यायालयाच्या तातडीच्या सुनावणीचा पर्याय वकिलासमोर आधी ठेवेन.

लोझानचं कॅस, म्हणजे क्रीडा लवाद न्यायालय, याबद्दल आपल्याकडे विनेशमुळे सगळ्यांना माहिती झाली. पॅरिसमध्ये 7 ऑगस्ट 2024 ला 100 ग्रॅम वजन जास्त भरलं, ती अंतिम फेरीतून बाद झाली आणि 14 ऑगस्टला दाव्याचा निकाल तिच्या विरुद्ध लागला. पण तो वाद आंतरराष्ट्रीय कुस्ती संघटनेशी होता. आपल्या राष्ट्रीय महासंघाशी भांडण असेल तर कॅसचं दार आपोआप उघडत नाही: महासंघाच्या घटनेत तशी तरतूद हवी, नाहीतर दोन्ही पक्षांची संमती हवी, आणि आधी अंतर्गत मार्ग संपवलेले हवेत. दुसरी मुदत ठरलेली नसेल तर निर्णय हाती आल्यापासून 21 दिवसांत अपील दाखल व्हावं लागतं. दाखल करायलाच 1,000 स्विस फ्रँक, पुढे लवादांचा आणि वकिलांचा खर्च वेगळा. मग कॅस कुणासाठी? जिचं भांडण मुळात आंतरराष्ट्रीय नियमाशी आहे तिच्यासाठी. धावपटू द्युती चंदला 2014 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या पातळीच्या नियमामुळे वगळलं, ती कॅसमध्ये गेली, जुलै 2015 मध्ये तो नियम स्थगित झाला आणि ती रिओत धावली. ग्लासगो मात्र हुकलंच.

आता ट्विट आणि रस्ता. 25 जुलै 2022 ला राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बर्मिंगहॅमला गेलेल्या मुष्टियोद्धा लवलिना बोर्गोहाइनने लिहिलं की आपल्या प्रशिक्षकांना क्रीडाग्रामात येऊ देत नाहीत, हा मानसिक छळ आहे. दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक संध्या गुरुंग यांना प्रवेशपत्र मिळालं. एका दिवसात! कुठलंही कोर्ट हे करू शकलं नसतं. पण ते लिहिणारी ऑलिंपिक पदकविजेती होती आणि मागणी एका प्रवेशपत्राची, जे देऊन कुणाचीच खुर्ची हलत नव्हती. राज्य स्पर्धेत तिसऱ्या आलेल्या मुलाने तेच लिहिलं तर त्याच्या हाती उत्तराऐवजी शिस्तभंगाची नोटीस पडायची शक्यता अधिक. बऱ्याच करारांत माध्यमांशी बोलण्यावर बंधन असतं, ते कलम आधी वाचा.

खुर्ची हलवायची असेल तर काय लागतं, ते कुस्तीगिरांनी दाखवलं. जानेवारी 2023 मध्ये महासंघाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत दिल्लीत जंतरमंतरवर बसले, चौकशी समितीच्या आश्वासनावर उठले, एप्रिलमध्ये पुन्हा बसले. गुन्हा नोंदवला गेला तो सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. ऑगस्टमध्ये निवडणुका वेळेत न झाल्यामुळे आंतरराष्ट्रीय संघटनेने भारतीय महासंघ निलंबित केला आणि बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत आपले मल्ल तिरंग्याविना उतरले. म्हणजे महासंघाला बसलेला फटका खेळाडूंच्याच अंगावर आला. तरी ते आंदोलन चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर दुसरं कुठलं दार उघडं होतं, हे कुणी मला दाखवलेलं नाही.

तेव्हा छळाच्या तक्रारीला वरची कुठलीच तुलना लावू नका. लैंगिक छळ असेल तर 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष महिला, किमान निम्म्या सदस्य महिला, एक सदस्य संस्थेबाहेरचा. तक्रार तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. समितीची यादी मागून घ्या आणि नावं मोजा. पोलिसांत जायला समितीची परवानगी लागत नाही. खेळाडू अठराच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागू होतो, आणि ज्याला माहिती आहे त्याने ती पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा ठरतो. ‘स्पर्धा होऊन जाऊ दे, मग बघू’ म्हणणाऱ्या व्यवस्थापकालाही हे लागू आहे.

प्रशिक्षकांचं काय? त्यांच्या बाबतीत मला थोडक्यातच सांगता येईल, कारण त्यांचं दार एकच असतं: करारपत्र. इगोर श्टिमाच यांना फुटबॉल महासंघाने जून 2024 मध्ये काढलं, त्यांनी फिफाकडे जाण्याचा इशारा दिला आणि अखेर 4 लाख डॉलरवर तडजोड झाली. हातात सही-शिक्क्याचा करार आणि मागे फिफाची यंत्रणा असली की असं होतं. आपल्याकडचा तालुक्याच्या मैदानावर घडवणारा प्रशिक्षक तोंडी शब्दावर काम करतो, त्याचा खेळाडू शिबिरात गेला की नाव राष्ट्रीय प्रशिक्षकाचं लागतं, आणि भांडायला त्याच्याकडे कागद नसतो. अशा प्रशिक्षकाने महासंघाशी भांडण्याआधी खेळाडूच्या पालकांबरोबर एक साधं पत्र तरी करून ठेवावं: कधीपासून शिकवतोय, कोणत्या स्पर्धांना सोबत होतो. मनिकाच्या प्रकरणातही दाद खेळाडूने मागितली होती, प्रशिक्षकाने नाही.

क्रीडा मंत्रालय आणि साईला (भारतीय क्रीडा प्राधिकरणाला) पत्र लिहावं का? लिहा, ईमेलची प्रत लावून. निर्णय तिथून क्वचितच फिरतो, पण महासंघाला अनुदान तिथून येतं आणि पुढे न्यायालयात मंत्रालयही प्रतिवादी असतं.

आता ग्रुपवर आलेल्या त्या फोटोकडे परत या. तो फॉरवर्ड होऊन आलाय, त्यावर तारीख नाही, आणि वकील पहिल्या भेटीतच विचारणार आहे की निर्णय तुम्हाला कोणत्या दिवशी कळला. महासंघाच्या संकेतस्थळावर यादी असेल तर ती आजच उतरवून ठेवा, शेजारी निवडीच्या निकषांचं पत्रकही. उद्या तिथे दुसरंच पत्रक दिसू शकतं.